डिस्क भरली, मोठी लॉग फाइल उडवली, तरी जागा मोकळी होत नाही (दुकानातला उबुंटू सर्व्हर)

पेठेतली | शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार. आप्पा बळवंत चौकात आमचं शालेय पुस्तकांचं दुकान आहे, आजोबांच्या काळापासून. पोटमाळ्यावर एक छोटा सर्व्हर आहे. उबुंटू, २४० जीबीची एसएसडी, त्यावर बिलिंग आणि स्टॉकचा प्रोग्राम (तो टॉमकॅट नावाच्या वेब सर्व्हरवर चालतो, माहिती मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये). खाली काउंटरवरचे चार संगणक त्यालाच जोडलेले. सगळं माझ्या मामेभावाने बसवलं होतं. तो मे महिन्यात बंगळुरूला नोकरीला गेला आणि जाताना पासवर्डची वही माझ्या हातात देऊन गेला. मी बीकॉम, दुकानाचे हिशेब बघते. टर्मिनल त्याच्या शेजारी बसून जेवढं पाहिलं तेवढंच येतं.

१५ जूनला शाळा उघडतात. या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पालक शाळेची यादी हातात घेऊन उभे, मुलांना वह्यांची कव्हरं स्वतः निवडायची असतात. आणि आज सकाळी बिल निघेचना. दोन तास बाबांनी हाताने पावत्या फाडल्या.

वर जाऊन डीएफ -एच (डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड) केलं. रूटची डिस्क २१९ जीबी, वापरलेली २०८, शिल्लक शून्य, १०० टक्के. शोधत गेले तर टॉमकॅटच्या लॉग्सच्या फोल्डरमध्ये कॅटलिना.आउट नावाची फाइल एकटीच ५८ जीबी निघाली. लॉग म्हणजे प्रोग्रामच्या नोंदीच आहेत म्हणून आरएम करून उडवली. ती गेली, पण डीएफमध्ये आकडा तसूभरही हलला नाही. काही फुटकळ झिप फायली दुसरीकडे हलवल्यावर बिलिंग कसंबसं चालू झालंय.

सुडो लावून डीयू -एसएक्सएच / केलं तर ते म्हणतं एकूण ८१ जीबीच आहे. मग २०८ कुठून आले? सर्व्हर बंद करून चालू करू का? आणि वेबमिन किंवा कॉकपिटसारखं ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं पॅनेल बसवलं तर माझ्यासारखीला हे सांभाळणं सोपं जाईल का? आणखी एक, याच्याशी संबंध आहे का माहीत नाही, पण रोज सकाळी अकराच्या सुमारास दहा-पंधरा मिनिटं बिलिंग अडकतं. ते गेल्या वर्षीपासून आहे.

रात्रपाळी | शनिवार, रात्री ११:२०

ताई, रीबूट करू नका. त्याने थोडी जागा परत मिळेल, पण कशामुळे भरली होती ते तुम्हाला कधीच कळणार नाही आणि पुढच्या शनिवारी पुन्हा हेच होईल. बिलिंग चालू आहे ना, मग आज रात्री आपण आधी फक्त बघू.

मी एकोणीस वर्षं हिंजवडीत सर्व्हर सांभाळतोय, त्यातली निम्मी रात्रपाळीत. नवीन मुलांना पहिला आठवडा मी फक्त बघणाऱ्या कमांड देतो: डीएफ, डीयू, एलएस, फ्री, अपटाइम, एसएस, जर्नलसीटीएल. यातलं काही दहा वेळा चालवलं तरी सर्व्हरला धक्का लागत नाही. आरएम, किल, रीस्टार्ट त्यानंतर. यामागे माझ्या आयुष्यातली एक रात्र आहे. २०११ साली पहाटे पावणेतीनला एका डेटाबेस सर्व्हरची डिस्क भरल्याचा फोन आला. पोस्टग्रेसच्या फोल्डरमध्ये पीजी_एक्सलॉग नावाचा मोठा फोल्डर दिसला, नावात ‘लॉग’ होतं, मी रिकामा केला. ते लॉग नव्हतेच. डेटाबेस स्वतःला सावरण्यासाठी आधी जिथे प्रत्येक बदल लिहून ठेवतो तो भाग होता. डेटाबेस पुन्हा उठला नाही, बावीस तास जुना बॅकअप चढवावा लागला. ही चूक जगभर इतक्या जणांकडून झाली की २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत पोस्टग्रेसवाल्यांनी त्या फोल्डरचं नावच बदलून पीजी_वॉल केलं. तुम्ही काढलेली फाइल खरोखर लॉगच होती, त्यामुळे नुकसान नाही. मात्र मायएसक्यूएलच्या फोल्डरमधलं काही हाताने काढू नका, त्याचं नाव काहीही असो.

आता तुमचे २०८ आणि ८१. डीयू प्रत्येक फोल्डरमध्ये जाऊन दिसणाऱ्या फायली मोजतं. डीएफ फाइल सिस्टिमलाच विचारतं की किती ब्लॉक गुंतलेत. लिनक्समध्ये आरएम केल्यावर फक्त फाइलचं नाव जातं. एखाद्या प्रोग्रामने ती फाइल उघडी धरली असेल तर तो सोडेपर्यंत तिची जागा मोकळी होत नाही. टॉमकॅट चालू आहे, त्याने कॅटलिना.आउट धरून ठेवलीय आणि नाव नसलेल्या त्याच फाइलमध्ये तो अजून लिहितोय. म्हणून डीयूला ती दिसत नाही, डीएफला दिसते.

(कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर रोमनमध्ये टाइप करा. सगळी अक्षरं लहान, जिथे ‘मोठा’ म्हणतो तिथेच मोठं.)

सुडो एलएसओएफ +एल१, यातला दुसरा एल मोठा. ज्यांचं नाव गेलंय पण ज्या उघड्या आहेत अशा फायली हे दाखवतं, शेवटी कंसात ‘डिलीटेड’ असतं. आकार बाइटमध्ये येतो. ६२ अब्जांच्या आसपास आकडा दिसला तर तेच तुमचे ५८ जीबी. त्याच ओळीत पीआयडी (चालू प्रोग्रामचा क्रमांक) आणि एफडी (त्याने उघडलेल्या फाइलचा क्रमांक) असे दोन आकडे मिळतील. रीस्टार्टच्या आधी एक काम न विसरता करा: सुडो टेल -एन ५० /प्रॉक/पीआयडी/एफडी/एफडीचा आकडा. नाव गेलं तरी फाइल इथून अजून वाचता येते. ५८ जीबी लॉग उगाच होत नाही, कोणती तरी एकच ओळ लाखो वेळा लिहिली जात असणार. ती ओळ मला हवी आहे.

मग सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट टॉमकॅट, दुकान बंद असतानाच. लगेच डीएफ.

ही फाइल पुन्हा वाढू नये म्हणून लॉगरोटेट (ठरावीक काळाने जुना लॉग बाजूला काढणारा प्रोग्राम) लागेल. टॉमकॅट संकेतस्थळावरून उतरवून हाताने बसवला असेल तर कॅटलिना.आउटची आवराआवर आपोआप होत नाही. /ईटीसी/लॉगरोटेट.डी मध्ये टॉमकॅट नावाची फाइल करा: डेली, रोटेट १४, कॉम्प्रेस, मिसिंगओके, कॉपीट्रंकेट. शेवटचा शब्द इथे कळीचा. नुसतं नाव बदलून नवी फाइल केली तर टॉमकॅट जुनीलाच धरून बसेल, म्हणजे आजचाच प्रकार. कॉपीट्रंकेट आधी प्रत काढतो आणि मूळ फाइल जागच्या जागी रिकामी करतो. त्या क्षणभरात एखाद-दोन ओळी हरवू शकतात, बिलिंगच्या या लॉगसाठी ते चालेल. लॉगरोटेट -डी देऊन आधी कोरडी तालीम घ्या, त्यात काहीही बदलत नाही.

शिल्लक शून्य दिसूनही तुम्ही वर जाऊन काम करू शकलात, त्याचंही कारण सांगतो. ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम बनवताना पाच टक्के जागा रूटसाठी (सर्व्हरच्या मुख्य प्रशासक खात्यासाठी) राखून ठेवली जाते. तुमच्या डिस्कवर ती सुमारे ११ जीबी आहे, २१९ आणि २०८ मधला फरक. ती कमी करायचे सल्ले इंटरनेटवर मिळतील. करू नका, अशाच दिवसासाठी ती असते.

पॅनेलबद्दल: कॉकपिट चांगलं आहे, जरूर बसवा, आलेख बघायला उपयोग होईल. पण डिस्क तुडुंब भरते तेव्हा पॅनेललाही लॉगिन करताना अडचण येऊ शकते. अशा वेळी एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून सर्व्हरचं टर्मिनल उघडणं) आणि या दहा-बारा कमांडच हाताशी उरतात. त्या यायलाच हव्यात, आणि तुम्हाला येतील. डीयू करून दोन आकड्यांतला फरक तुम्ही स्वतः पकडलात, हे मी नोकरीतल्या मुलांना सहा महिने शिकवतो.

एक मात्र अजून पटत नाही. २०८ मधून ५८ गेले की १५० उरतात. डीयू म्हणतं ८१. मधले ६९ जीबी कुठे आहेत? आधी एवढं करा, मग त्याच्या मागे लागू.

पेठेतली | रविवार, रात्री १०:१५

काका, तंतोतंत तसंच निघालं. एलएसओएफमध्ये एकच मोठी ओळ होती, जावाची. टेल केल्यावर पन्नासच्या पन्नास ओळी एकच: बारकोड लेबलचा प्रिंटर सापडत नाही. तो प्रिंटर एप्रिलमध्ये बिघडला म्हणून आम्ही काढून ठेवला होता, पण प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये तो अजून चालूच होता. सेटिंग बंद केलं, रीस्टार्ट केलं. डीएफ आता १५० जीबी दाखवतं. लॉगरोटेटची फाइलही केली, तालमीत चूक आली नाही.

ते ६९ जीबी मात्र मिळत नाहीत. एनसीडीयू बसवून प्रत्येक फोल्डर उघडून पाहिला. एलएसओएफ आता रिकामं आहे.

नळस्टॉप | रविवार, रात्री १०:४०

मध्येच बोलतो. बॅकअप कुठे जातो? बाहेरची यूएसबी डिस्क असेल तर लिस्टब्लॉक म्हणजे एलएसबीएलके -एफ आणि कॅट /ईटीसी/एफस्टॅब (सर्व्हर उठताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) दोन्हींचं उत्तर इथे टाका. आणि बॅकअपच्या फोल्डरमध्ये एलएस -एल करून तारखा नीट बघा, सलग आहेत का ते.

पेठेतली | रविवार, रात्री ११:०५

बाहेरची १ टीबीची डिस्क आहे, /बॅकअप वर. एलएसबीएलकेमध्ये दिसते, एफस्टॅबमध्ये तिची ओळच नाही. आणि तारखा सलग नाहीत! रोज एक फाइल आहे, साधारण १.२ जीबीची, पण १२ मार्चनंतर थेट ९ मे. मधले ५७ दिवस गायब. मला आत्ता खरंच भीती वाटतेय.

रात्रपाळी | रविवार, रात्री ११:३०

घाबरू नका, ते ५७ दिवस बहुतेक सुखरूप आहेत. ५७ ला १.२ ने गुणून बघा. साडेअडुसष्टच्या घरात येतं. नळस्टॉप यांनी अचूक जागी बोट ठेवलं.

मला वाटतं ते असं: १२ मार्चला वीज गेली असणार. (त्या दिवशी गुरुवार होता, देखभालीसाठी वीज जाण्याचा वार.) यूपीएस संपला, सर्व्हर बंद पडला, वीज आल्यावर उठला. पण एफस्टॅबमध्ये ओळ नसल्यामुळे बाहेरची डिस्क आपोआप जोडली गेली नाही. /बॅकअप हा मग रूटच्या डिस्कवरचा साधा रिकामा फोल्डर होता. स्क्रिप्टला फरक कळत नाही, ती ५७ दिवस त्यातच लिहीत राहिली. ८ मेला कोणीतरी डिस्क हाताने माउंट केली. माउंट म्हणजे त्या फोल्डरवर दुसरी डिस्क झाकणासारखी बसते. खालच्या फायली तिथेच आहेत, पण दिसत नाहीत. डीयूला नाही, एनसीडीयूला नाही.

वीज खरंच गेली होती का ते जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स सांगेल.

झाकण न काढता खाली बघायची युक्ती: सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/रूट, मग सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी/रूट. आता /एमएनटी/रूट/बॅकअप मध्ये खालचा फोल्डर दिसेल.

त्या फायली काढण्याआधी बाहेरच्या डिस्कवर न्या: सुडो आरसिंक -एव्ही /एमएनटी/रूट/बॅकअप/ /बॅकअप/. दोन्हीकडे शेवटी तिरकी रेघ हवी. पहिल्या पत्त्याची रेघ विसरलात तर बॅकअपच्या आत आणखी एक बॅकअप नावाचा फोल्डर तयार होईल. --डिलीट हा पर्याय इथे चुकूनही देऊ नका, तो दिला तर जे मुळात नाही ते पलीकडून पुसलं जातं, म्हणजे १२ मार्चपर्यंतचं आणि ९ मेनंतरचं सगळं. झाल्यावर तीच कमांड -एव्हीएनसी ने चालवा: एन म्हणजे फक्त तालीम, सी म्हणजे मजकूर पडताळून. एकाही फाइलचं नाव आलं नाही तरच खालच्या फायली आरएम करा, आणि पत्ता /एमएनटी/रूट पासून सुरू होतोय हे एंटर दाबण्यापूर्वी मोठ्याने वाचा. मी अजूनही वाचतो.

हे सगळं टीमक्स उघडून त्यात करा. वायफाय गेलं तरी आरसिंक चालू राहील, नंतर टीमक्स अटॅच करून परत आत जाता येतं.

मग कायमचा बंदोबस्त. ब्लॉक-आयडी, म्हणजे बीएलकेआयडी, चालवून डिस्कचा यूयूआयडी (तिचा ओळख क्रमांक) घ्या आणि एफस्टॅबमध्ये ओळ घाला, पर्यायांत नोफेल लिहा, नाहीतर डिस्क काढलेली असताना सर्व्हर उठताना अडेल. फाइंडएमएनटी --व्हेरिफाय ने ओळ तपासा. बॅकअप स्क्रिप्टच्या सुरुवातीला: माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप || एक्झिट १. आणि रिकामा झालेल्या खालच्या फोल्डरवर सुडो चॅटर +आय /एमएनटी/रूट/बॅकअप. म्हणजे डिस्क जोडलेली नसेल तेव्हा तिथे रूटलाही लिहिता येणार नाही. शेवटी यूमाउंट /एमएनटी/रूट, त्यात एम च्या आधी एन नाही.

काल रीबूट केलं असतं तर आज सकाळपासून बॅकअप पुन्हा खालच्या फोल्डरमध्ये जायला लागला असता.

नळस्टॉप | सोमवार, सकाळी ८:१०

अकरा वाजताच्या अडकण्याबद्दल. क्रॉनटॅब -एल (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) मध्ये बॅकअपची वेळ काय आहे? ५:३० असेल तर टाइमडेटसीटीएल चालवून बघा. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असला तर त्याचे पहाटेचे साडेपाच म्हणजे आपले सकाळचे अकरा. आणि मायएसक्यूएलडम्प (डेटाबेसची प्रत काढणारी कमांड) नुसतं चालवलं तर प्रत काढताना टेबलं कुलूपबंद करतं, तेवढा वेळ बिल थांबणारच. सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता (यात ए आणि के मोठे), त्यानंतर क्रॉन रीस्टार्ट करा, नाहीतर तो जुन्याच वेळेवर चालत राहतो. डम्पला --सिंगल-ट्रान्झॅक्शन जोडा, टेबलं इनोडीबी (मायएसक्यूएलमधला टेबलं साठवायचा एक प्रकार) असतील तर कुलूप लागत नाही.

आणि त्या ५७ पैकी कोणतीही एक फाइल दुसऱ्या नावाच्या रिकाम्या डेटाबेसमध्ये चढवून बघा. फाइल आहे म्हणजे बॅकअप आहे असं मी धरत नाही, उघडून त्यातलं बिल दिसेपर्यंत.

रात्रपाळी | सोमवार, सकाळी ८:३०

नळस्टॉप यांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझा पूर्ण पाठिंबा. २०११ च्या त्या रात्री आम्ही वाचलो ते तो बावीस तास जुना बॅकअप खरोखर उघडला म्हणूनच.

आणि ताई, एक वही करा. तारीख, वेळ, काय बदललं, का बदललं. मामेभावाने दिलेल्या वहीत पासवर्ड आहेत, पण त्याने एफस्टॅबमध्ये ओळ का घातली नाही ते नाही. तुमच्यानंतर जो कोणी त्या माळ्यावर चढेल त्याला हे लागेल.

पेठेतली | सोमवार, रात्री ११:४५

लिस्ट-बूट्समध्ये १२ मार्च, दुपारी ३:५२. भावाला फोन केला, म्हणाला हो, ८ मेला जायच्या आधी त्यानेच डिस्क हाताने जोडली, एफस्टॅबचं राहून गेलं. त्याला फार वाईट वाटलं. मी म्हटलं तू बसवलंस म्हणून तर सहा वर्षं चाललं.

खाली ५७ फायली होत्या. आरसिंकला जवळजवळ पाऊण तास लागला, पडताळणीत एकही नाव आलं नाही. पत्ता मोठ्याने वाचला, आईने खालून विचारलं कोणाशी बोलतेस. डीएफ आता: वापरलेली ८१, शिल्लक १२७, ३९ टक्के.

२० एप्रिलची फाइल ‘चाचणी’ नावाच्या डेटाबेसमध्ये चढवली. त्या दिवशीची सगळी बिलं आहेत, बाबांच्या रोजकीर्दीशी बेरीज जुळली, रुपयापर्यंत.

वेळ खरंच यूटीसी होती, क्रॉन ५:३०. बदललं, क्रॉन रीस्टार्ट केला, डम्पला तो पर्याय जोडला. टेबलं सगळी इनोडीबी आहेत. वही केली आहे, आजोबांच्या कपाटात कोऱ्या रोजकीर्दीच्या वह्या होत्या, त्यातलीच एक. पहिली चार पानं भरली.

पेठेतली | मंगळवार, सकाळी ११:२०

काउंटरवरूनच लिहितेय. अकरा वाजून वीस झाले, बिलं निघताहेत. बाबांनी पावतीपुस्तक खणात ठेवलं.